चार हात लांबून

स्वतःचे छायाचित्र स्वतः टिपल्यावर ते मनासारखे उतरले नाही, की त्याचे खापर सहसा चेहऱ्यावर, वयावर, रंगावर किंवा फोन स्वस्तातला असल्यावर फोडले जाते. प्रत्यक्षात त्यातला सर्वांत मोठा दोष अंतराचा असतो आणि उरलेला बराचसा उजेडाच्या दिशेचा. चेहरा तोच, फोन तोच आणि दिवसही तोच असताना, फोन कुठे ठेवला आणि माणूस कुठे उभा राहिला एवढ्या फरकाने एक छायाचित्र लगेच पुसून टाकावेसे वाटते आणि दुसरे चौकटीत बसवून भिंतीवर लावावेसे वाटते. काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेणाऱ्या जुन्या स्टुडिओवाल्यांना ही गोष्ट हाताच्या सवयीने ठाऊक होती; पुढे फोन हाती आल्यावर लोकांनी छायाचित्रकाराला निरोप दिला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याने राखलेले अंतरही निघून गेले. ते अंतर परत कसे आणता येते याचा विचार पुढे केला असून, उदाहरणासाठी जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गाव समोर ठेवले आहे, कारण अक्षांश सांगितल्याशिवाय उन्हाची आणि भिंतींचा रंग सांगितल्याशिवाय घरातल्या उजेडाची चर्चा हवेतच राहते.

नाक, कान आणि हाताची लांबी

हात पूर्ण ताणला तरी फोन चेहऱ्यापासून फार तर पन्नास-साठ सेंटीमीटरवर जातो, आणि व्यवहारात कोपर वाकलेलाच राहत असल्याने तो तीस-चाळीस सेंटीमीटरवर थांबतो. प्रौढ माणसाच्या नाकाचे टोक कानांच्या रेषेपेक्षा सुमारे बारा सेंटीमीटर पुढे असते असे धरले, तर तीस सेंटीमीटरवरच्या फोनला नाक तीस सेंटीमीटरवर आणि कान बेचाळीस सेंटीमीटरवर दिसतात; जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसण्याच्या नियमाने, ज्याला चित्रकलेत यथादर्शन म्हणतात, नाक कानांच्या तुलनेत १.४ पट मोठे उमटते, गाल मागे सरकतात आणि कपाळ व हनुवटी निमुळती होतात. हाच फोन १८० सेंटीमीटरवर ठेवला तर तेच प्रमाण १९२ भागिले १८०, म्हणजे जेमतेम १.०७ पट भरते, आणि समोर बसलेल्या माणसाला जो चेहरा दिसतो जवळजवळ तोच चित्रात येतो. अमेरिकेतील काही शल्यचिकित्सकांनी २०१८ मध्ये याच प्रश्नाचे गणित मांडून दाखवले, की बारा इंचांवरून टिपलेल्या छायाचित्रात नाकाची रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी अधिक भासते; हातभर अंतरावरची आपली छायाचित्रे पाहून नाक लहान करून घेण्यासाठी दवाखान्यात येणाऱ्यांना समजावण्यासाठी हे गणित त्यांना उपयोगी वाटले.

एकशे ऐंशी सेंटीमीटर म्हणजे जुन्या मापाने, दीड फुटाचा एक हात धरून, जवळजवळ चार हात. नको असलेल्या माणसापासून जेवढे लांब राहायचे तेवढेच लांब आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यापासून राहावे, हा योगायोग गमतीचा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भिंग बदलल्याने किंवा ‘झूम’ केल्याने चेहऱ्याचे प्रमाण बदलते असे अनेकांना वाटते, परंतु ते प्रमाण केवळ अंतरावर ठरते. भिंग फक्त दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यायचा हे ठरवते. म्हणून चार हात लांब ठेवलेल्या फोनवर दुप्पट झूम करून घेतलेला चेहरा योग्य प्रमाणातच राहतो, त्यातील बारकावा तेवढा थोडा कमी होतो. पुढच्या कॅमेऱ्याचे भिंग मात्र मुळातच रुंद कोनाचे, म्हणजे जवळून बरेचसे दृश्य सामावून घेणारे असल्याने चेहऱ्याने चौकट भरायची तर फोन जवळ आणण्यावाचून गत्यंतर नसते, आणि सगळी गडबड तिथे सुरू होते.

हरवलेल्या अंतराची कथा

फिलाडेल्फियात दिव्यांचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातील रॉबर्ट कॉर्नेलियस याने १८३९ मध्ये, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची दागेरोटाइप ही पद्धत जाहीर झाल्यावर काही महिन्यांतच, दुकानामागच्या अंगणात कॅमेरा मांडून त्यासमोर कित्येक मिनिटे निश्चल राहून स्वतःचे चित्र घेतले. आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने छायाचित्रित आत्मचित्र मानले जाते. त्यात तो चौकटीच्या मधोमध नाही, कारण बहुधा कॅमेऱ्यामागून पाहून त्याला सरकायला सांगणारे कोणी नव्हते; टायमर लावून धावत येणाऱ्या प्रत्येकाची अडचण तेव्हापासूनची आहे. लगेच पुढच्या वर्षी, १८४० मध्ये, जोसेफ पेट्झवाल याने खास व्यक्तिचित्रांसाठी भिंग तयार केले, ज्याचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा स्पष्ट उमटते तिथपर्यंतचे अंतर, सुमारे १५० मिलिमीटर होते, आणि या भिंगातून डोके व खांदे पट्टीवर बसवायचे तर बसणाऱ्याला दोन पावले मागे बसवावेच लागत असे. चेहरा सुरेख येण्यासाठी लागणारे अंतर अशा रीतीने यंत्रानेच राखले. छायाचित्रकाराला त्याचे शास्त्र माहीत असण्याची गरज नव्हती.

मुंबईत ही कला फार लवकर पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, ज्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला; त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांना सहाव्या निजामाने ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला, आणि १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ उघडला, जिथे कॅमेऱ्यामागेही स्त्रीच असे. ही शेवटची गोष्ट आजच्या विषयाशी वाटते त्याहून जवळची आहे. परक्या पुरुषासमोर बसून ‘मान जरा तिरपी करा, हनुवटी खाली घ्या, हलू नका’ अशा आज्ञा ऐकण्याचा संकोच हे खेड्यापाड्यांतील मुलींनी व सुनांनी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला इतक्या सहज आपलेसे करण्याचे एक मोठे कारण आहे, आणि सेल्फीची टिंगल करणारे लेख ते सहसा विसरतात.

स्वतःलाच विषय करण्याची हौस आपल्याकडेही जुनीच. त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य यांनी १८८०च्या सुमारास राणी मनमोहिनीदेवींसह स्वतःचे छायाचित्र घेतले, ज्यात झडप उघडण्याची कळ त्यांच्या हातातच आहे. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले आणि गोध्र्यात स्टुडिओ चालवलेले दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात खुद्द स्वतःलाच काम करताना दाखवले. या दोन्ही ठिकाणी कॅमेरा तिवईवर, चार हात किंवा त्याहून लांब होता.

अंतर तुटले ते अलीकडे. मिनोल्टा कंपनीच्या हिरोशी उएदा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅमेरा टोकाला बसवण्याची लांब दांडी आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला छोटा आरसा अशी जोडी तयार केली, जी त्या काळी खपली नाही. म्हणजे सेल्फी स्टिक ही सेल्फीच्या आधीची आहे आणि ती शोधणाऱ्याला हात अपुरा पडतो हे नेमके कळले होते. १९९९ मध्ये जपानात क्योसेरा कंपनीने पुढच्या बाजूला कॅमेरा असलेला फोन विकायला काढला तो समोरासमोर दिसत बोलण्यासाठी. बोलताना चेहरा ओळखू आला म्हणजे पुरते, नाक दहा टक्के मोठे दिसले तर कोणाचे बिघडत नाही. व्यक्तिचित्रासाठी हा कॅमेरा कधी योजलाच नव्हता, त्याच्यावर ते काम येऊन पडले.

तीर्थपुरीचा सूर्य

तीर्थपुरी सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला व पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा वेळी उघड्यावर घेतलेल्या छायाचित्रात भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत, नाकाची ओठांवर आणि गांधी टोपीच्या कडेची कपाळावर पडते. फेटा असेल तर अर्धा चेहराच काळोखात जातो. लग्नसराई नेमकी मेच्या याच दिवसांत असल्याने मांडवाबाहेर काढलेली बहुतेक छायाचित्रे चेहऱ्याला दहा वर्षांनी म्हातारे करतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४७ अंशांवरच राहतो आणि उजेड दिवसभर तिरपा मिळतो, म्हणून मराठवाड्यात चेहऱ्याची छायाचित्रे घेण्याचा खरा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा आहे. दिवाळीच्या सुमारास येथे सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि सहाच्या आत-बाहेर मावळतो. उगवल्यानंतरचा आणि मावळण्यापूर्वीचा एकेक तास उन्हाला पिवळसर मऊपणा असतो, कारण तिरप्या किरणांना हवेच्या जाड थरातून यावे लागते आणि त्यात निळा उजेड विखरून जातो.

उघड्या उन्हापेक्षाही उपयोगी पडते ती मोकळी सावली, म्हणजे जिथे थेट ऊन येत नाही पण समोर आकाशाचा मोठा तुकडा दिसतो अशी जागा. जुन्या माळवदी घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर असलेल्या घरांत, अशी जागा जणू मुद्दाम बांधून ठेवलेली असते. दरवाजातून आत येताच लागणारी ढाळज अंधारी असते आणि तिच्यासमोर चौक उजळलेला असतो. ढाळजेच्या तोंडाशी, उंबऱ्यापासून हातभर आत, चेहरा चौकाकडे करून उभे राहिले तर समोरून रुंद, मवाळ उजेड मिळतो, मागे आपोआप काळोख राहतो आणि चेहरा उठून दिसतो. जुन्या युरोपीय स्टुडिओंत उत्तरेकडे काचेचे छत असे, कारण तिकडे उत्तरेचा उजेड वर्षभर थेट उन्हाशिवाय येतो. तो नियम तीर्थपुरीत जसाच्या तसा लागू करता येत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत येथे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला कललेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन येते. दिवाळीत मात्र उत्तरेची खिडकी निर्धास्तपणे वापरावी.

झाडाखालची सावली फसवी असते. कडुनिंबाखाली पानांमधून झिरपणारे कवडसे डोळ्यांना सुंदर दिसतात, पण चेहऱ्यावर पडले की त्यांचे पांढरे डाग होतात, ज्यांना नंतर कोणतीही दुरुस्ती लागू पडत नाही. उसाच्या फडात किंवा मोसंबीच्या बागेत दुसरीच अडचण येते, ती पानांवरून परतणाऱ्या हिरव्या उजेडाची, ज्याने हनुवटीखालची त्वचा आजारी दिसते. बांधावर, फडाच्या कडेला, पिकाकडे पाठ आणि मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे राहिले, की हिरवळ मागे राहते आणि चेहऱ्यावर येत नाही. भिंतींचेही तसेच आहे. चुन्याची पांढरी भिंत बाजूला असेल तर ती उजेड परतवून सावलीची बाजू भरून काढते आणि फुकटचा परावर्तक मिळतो. हीच भिंत गडद हिरव्या किंवा पोपटी ऑइलपेंटची असेल तर तिच्यापासून दूर सरकावे. लाल-केशरी कापडाच्या मांडवात चेहऱ्याचा खरा रंग मिळणे शक्यच नसते, तिथून बाहेर येणे हा एकच उपाय.

सावळा चेहरा आणि पांढरी भिंत

कॅमेऱ्यातील उजेड मोजणारी यंत्रणा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. सावळा शेतकरी पांढरे धोतर-सदरा घालून चुन्याच्या भिंतीला टेकला, की यंत्राला सगळे दृश्य फार उजळ वाटते, ते एकूण चित्र काळवंडवते आणि चेहऱ्याचे तपशील हरवतात. दोष रंगाचा मानला जातो, असतो तो भिंतीचा. नवे फोन चेहरा ओळखून मोजमाप सुधारतात खरे, तरी हाताने केलेली दुरुस्ती अधिक भरवशाची असते. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून दाबून धरले की मोजमाप तिथेच स्थिर होते, आणि शेजारी दिसणाऱ्या सूर्याच्या खुणेवर बोट वर-खाली नेऊन उजेड कमी-जास्त करता येतो. भिंतीपासून चार-पाच फूट पुढे उभे राहिल्यास तिच्यावरची सावलीही चित्रात येत नाही.

सावळ्या त्वचेशी छायाचित्रणाचे भांडण जुने आहे. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियन पट्ट्या, म्हणजे चिकट रसायन लावलेल्या आणि ओल्या असतानाच वापरायच्या काचा, निळ्या उजेडाला संवेदनशील पण तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या, त्यामुळे तांबूस-तपकिरी छटा त्यांवर अधिक काळ्या उतरत. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल याने पट्टीत रंगद्रव्य मिसळून ही मर्यादा ढिली करण्याचा मार्ग शोधला. पुढे निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या आणि देवीचे वण भरून काढणारे रिटचिंगचे कसब आले. आज फोनमधील ‘ब्यूटी’ नावाची सोय तेच काम करते, फरक इतकाच की पेन्सिल धरणारा कारागीर कुठे थांबायचे हे जाणत असे आणि ही सोय थांबत नाही: ती त्वचेची रंध्रे पुसते, रंग दोन पायऱ्या उजळवते आणि सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी पांढुरकी छटा आणते. स्वतःचे चांगले छायाचित्र हवे असणाऱ्याने सर्वांत आधी ती बंद करावी. स्थळासाठी पाठवायच्या बायोडाट्यावर उजळवलेला फोटो चिकटवणे तर निव्वळ अविचार आहे, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात खरा चेहरा समोर येणारच असतो, आणि तिरप्या उजेडातला सावळा रंग हा छायाचित्राला लाभलेला गुण असतो. गाल आणि जबड्याची ठेवण त्यात जितकी उठावदार दिसते तितकी गोऱ्यापान चेहऱ्यात क्वचित दिसते.

फोन मांडणे आणि समोर उभे राहणे

चार हात अंतर ठेवायचे तर फोन हातात राहू शकत नाही. मागचा कॅमेरा पुढच्यापेक्षा सहसा सरस असतो, म्हणून त्याचे तोंड आपल्याकडे करून फोन खिडकीच्या चौकटीत, पाण्याने भरलेल्या तांब्याला टेकवून किंवा ज्वारीच्या पोत्यावर उभा करावा, त्याची उंची आपल्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर आणावी, आणि दहा सेकंदांचा टायमर लावावा. खाली ठेवलेला फोन नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग दाखवतो, फार वर धरलेला माणसाला खुजा करतो. त्याआधी भिंग पुसणे विसरू नये. स्वयंपाकात वावरलेल्या फोनच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असतोच, आणि त्यामुळे उजेडाभोवती धुरकट वलय येऊन सगळे चित्र धुक्यात घेतल्यासारखे होते. धुतलेल्या मऊ सुती पंच्याचे टोक त्यासाठी पुरेसे असते. जिथे उभे राहायचे तिथे आधी कोणाला तरी उभे करून, तेही नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून, चौकट आणि केंद्रबिंदू ठरवून घ्यावा. कॉर्नेलियसला ही सोय सुचली असती तर तो मधोमध आला असता.

उभे राहताना छाती कॅमेऱ्याला समोरासमोर न देता अंग थोडे तिरपे करावे आणि चेहरा तेवढा वळवावा, त्याने खांद्यांची रुंदी कमी होते. वजन मागच्या पायावर घ्यावे. हनुवटी खाली ओढली की दुहेरी होते आणि वर केली की माणूस आढ्यताखोर दिसतो, म्हणून डोके आधी किंचित पुढे काढून मग हनुवटी जराशी खाली घ्यावी. हे करताना विचित्र वाटते, चित्रात मात्र जबड्याची रेघ स्वच्छ येते. चष्मा असेल तर त्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलाव्यात, म्हणजे काचांवरची चमक खाली निसटते. कोणता गाल पुढे करावा याबद्दल एक गमतीचे निरीक्षण आहे: १९७३ मध्ये १,४७४ युरोपीय व्यक्तिचित्रे तपासली असता सुमारे ६० टक्के चित्रांत डावा गाल अधिक दाखवलेला आढळला. यावरून डावा गाल सुंदर असतो असे कोणी समजू नये. दोन्हीकडून एकेक चित्र घेऊन पाहणे अधिक शहाणपणाचे.

हसण्याचा प्रश्न जरा खोल आहे. ग्युयोम द्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये दाखवले, की मनापासूनच्या हास्यात ओठांच्या कोपऱ्यांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो स्नायू हुकमाने हलवणे अनेकांना कठीण जाते. म्हणून सांगून आणलेले हसू तोंडापुरते राहते आणि डोळे कोरडे दिसतात. टायमरचे दहा सेकंद दात दाखवत उभे राहिल्यास शेवटी जे उरते ते हास्य नसून ताण असतो. आठव्या सेकंदापर्यंत तोंड मिटून, खाली किंवा बाजूला पाहावे, शेवटच्या क्षणी भिंगाकडे दृष्टी न्यावी, आणि फोनला एका दमात अनेक चित्रे घेण्याची आज्ञा द्यावी, कारण माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो आणि एकच चित्र घेतले तर ते नेमके त्या क्षणी येण्याचा संभव नगण्य नसतो. शेजारी कोणी बोलणारे असेल तर उत्तमच. समोर बसलेल्या आजीला ‘चुलीवरचं दूध उतू गेलं गं’ असे कोणी सांगितले, की येणारे हसू किंवा घबराट दोन्ही खरी असतात.

हातात फोन धरून चित्र घेणाऱ्यांची नजर चुकते त्याचेही मोजमाप देता येते. भिंग फोनच्या वरच्या कडेला आणि आपला चेहरा दिसतो तो पडद्याच्या मध्ये, सुमारे सात सेंटीमीटर खाली. चाळीस सेंटीमीटरवरून हा फरक दहा अंशांचा होतो आणि पाहणाऱ्याला वाटते, की चित्रातला माणूस आपल्याकडे पाहत नाही. चार हातांवरून तोच फरक जेमतेम दोन अंश उरतो.

आरशातला माणूस

पुढच्या कॅमेऱ्याचा पडदा चित्र आरशाप्रमाणे उलटे दाखवतो, आणि अनेक फोन ते साठवताना सुलटे करतात. तेव्हा ‘हा मी नव्हेच’ अशी भावना होते. १९७७ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात व्यक्तींना स्वतःची आरशातली प्रतिमा अधिक आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना तीच व्यक्ती सुलट्या छायाचित्रात अधिक आवडली, कारण प्रत्येकाला तोच चेहरा आवडतो जो रोज पाहून ओळखीचा झाला आहे. इतरांना पाठवायचे छायाचित्र म्हणून सुलटेच ठेवावे. शिवाय महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात आणि पदर डाव्या खांद्यावरून जातो. उलट्या चित्रात दोन्ही उजवीकडे गेलेले घरातल्या थोरल्या बायकांना पहिल्या दृष्टिक्षेपात खटकतात, जरी काय खटकले हे त्यांना लगेच सांगता आले नाही तरी.

आधार कार्डावरच्या फोटोबद्दल मात्र कोणी वाईट वाटून घेऊ नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, आणि तेव्हापासून त्या फोटोची थट्टा चालू आहे. पण ओळख पटवण्यासाठी सपाट उजेड, समोरासमोरचा चेहरा आणि निर्विकार भाव लागतो, म्हणजे चांगल्या व्यक्तिचित्राच्या बरोबर उलट सर्व काही.

दिव्यांच्या उजेडात

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्यांच्या ताटासह स्वतःचे छायाचित्र घेण्याची इच्छा बहुतेकांना होते आणि ते बहुतेकांचे फसते. ताट कमरेपाशी धरले की उजेड खालून येतो, नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा भुताटकीच्या नाटकातला दिसतो. ताट छातीच्याही वर, हनुवटीच्या जवळ आणि थोडे एका बाजूला आणले, किंवा पाच-सहा पणत्या खिडकीच्या फळीवर चेहऱ्याच्या उंचीला मांडल्या, की सावल्या मऊ होतात. उजेडाचा रंग केल्विन या मापात मोजतात, ज्यात आकडा लहान तितका रंग तांबूस: तेलाची वात सुमारे १,९०० केल्विन, दुपारचे ऊन सुमारे ५,५०० केल्विन. फोन हा तांबूसपणा दोष समजून पुसू पाहतो आणि पणतीचा उजेड ट्यूबलाइटसारखा करतो, म्हणून ‘व्हाइट बॅलन्स’, म्हणजे पांढरा रंग कोणता मानायचा हे ठरवणारी कळ, उन्हाच्या खुणेवर ठेवावी. फ्लॅश वापरला तर पणत्या लावल्याच कशाला असा प्रश्न पडतो. सर्वांत चांगली वेळ दिवेलागणीची: सूर्य मावळल्यानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांच्या अवधीत आकाश अजून गडद निळे असते, त्याचा उजेड आणि पणत्यांचा उजेड जवळपास तोलाचा होतो, आणि चेहरा व मागचे घर दोन्ही दिसतात. पूजेची घाई नेमकी त्याच वेळी असते, हे खरे; म्हणून फोन आधीच मांडून ठेवावा.

जागा निवडताना विहिरीचा कठडा, गोदावरीवरच्या बंधाऱ्याची कड आणि रेल्वेचे रूळ वगळावेत. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या बातम्या तपासणाऱ्या भारतीय डॉक्टरांच्या अभ्यासात सेल्फी घेताना १३७ घटनांत २५९ मृत्यू झाल्याचे आणि त्यांत भारत पहिला असल्याचे आढळले. मुंबई पोलिसांनी २०१६ मध्ये समुद्रकाठच्या काही ठिकाणी सेल्फीला मनाई केली ती याच कारणाने. पडद्यात पाहत मागे सरकणाऱ्याला पायाखालचे दिसत नाही. फोन मांडून ठेवून समोर उभे राहणाऱ्याला मात्र एकदा जागा ठरवली की मागे सरकावेच लागत नाही.

शेवटी छपाईबद्दल. चार बाय सहा इंचांच्या, म्हणजे सर्वसाधारण अल्बमच्या आकाराच्या, चांगल्या प्रतीसाठी इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने १,२०० गुणिले १,८०० ठिपके, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास, लागतात, आणि आठ-दहा वर्षांपूर्वीचा साधा फोनही याच्या कित्येक पट ठिपके टिपतो. गावातल्या स्टुडिओत छापून आणलेली प्रत अंधुक निघते ती बहुधा फोनमुळे नसून, छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ते आपोआप आक्रसले जात असल्यामुळे. त्यासाठी ते फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे किंवा केबलने थेट संगणकावर उतरवून द्यावे, छापणाऱ्याला रंग उजळवू नये असे स्पष्ट सांगावे, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत लावायचे असेल तर चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद मागावा, कारण काचेची चमक आणि कागदाची चमक एकत्र आली की समोरच्या खिडकीच्या प्रतिबिंबापलीकडे काहीच दिसत नाही.